घरात पगार कुणालाच नाही – सहाजणांसाठी मेडिक्लेम कसा निवडावा?

शिलाईघर

नमस्कार. बरेच दिवस इथे वाचते आहे, लिहायला आज पहिल्यांदाच बसले. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आम्ही तालुक्याच्या गावापासून २२ किलोमीटरवर राहतो. मिस्टरांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. ग्रिल, शेड, ट्रॉल्यांची वेल्डिंग असली कामं असतात. मी घरी शिलाई करते. दीड एकर रान सासऱ्यांच्या नावावर आहे. मिस्टर ४२ वर्षांचे, मी ३७, मुलं १४ आणि ९ वर्षांची. सासूबाईंना ७१ पूर्ण झाली, सासरे ६६ चे आणि त्यांना साखर आहे. मिस्टरांना दोन वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे. रेशनकार्ड केशरी. दोघांचंही काम स्वतःचंच, त्यामुळे कंपनीचा विमा नाही की ईएसआयसी नाही.

गेल्या श्रावणात थोरल्याला डेंग्यू झाला. प्लेटलेट ३१ हजारांवर आल्या. तालुक्याला खाजगी दवाखान्यात पाच दिवस ठेवलं, बिल झालं ४३,०००. दोन म्हशी होत्या, त्यातली एक विकून भरलं. पोरगं बरं झालं, तक्रार कशाचीच नाही. पण तेव्हापासून दूध निम्म्यावर आलं आणि मला रात्री एकच विचार येतो, की हेच जर मिस्टरांना काही मोठं झालं असतं तर?

ओळखीच्या एजंटांनी सहाही जणांचा ५ लाखांचा एकच फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच पॉलिसी, सांगितलाय. कागदावर हाताने लिहून दिलं: ३५,००० अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण ४१,३००. वर म्हणाले, "वहिनी, दादांचं बीपी आणि तात्यांची साखर फॉर्मवर लिहू नका. फाईल अडकते, हप्ता वाढतो. तीन वर्षांनी कोण बघतंय?"

मला हे पटत नाही, पण माणूस घरच्यासारखा आहे. ४१ हजार एकदम काढणं आम्हाला फार जड आहे. काय करावं?

बांधावरून

ताई, बाकीचं नंतर बोलू. आधी एवढंच: बीपी लिहा, साखर लिहा. आमच्या घरात जे झालं ते सांगतो.

वडिलांची पॉलिसी काढली तेव्हा त्यांना साखरेची गोळी सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. फॉर्म एजंटनेच भरला, आम्ही सही केली. प्रश्नावलीत मधुमेहापुढे "नाही". दोन वर्षं काहीच झालं नाही, हप्ते वेळेवर गेले. तिसऱ्या वर्षी किडनीला इन्फेक्शन झालं, आयसीयूत ठेवावं लागलं, बिल १,८६,०००. मी गावाला होतो, दाखल करायला चुलतभाऊ गेला होता. रात्री अकरा वाजता तिथल्या डॉक्टरांनी त्याला विचारलं, साखर कधीपासून? तो घाईत म्हणाला, असतील सात-आठ वर्षं. त्यांनी केसपेपरवर लिहिलं "के/सी/ओ डीएम – ८ वर्षे", म्हणजे आठ वर्षांपासूनचा मधुमेह. तेच डिस्चार्ज कार्डावर उतरलं.

क्लेम नाकारला. नुसता क्लेम नाही, माहिती लपवली म्हणून पॉलिसीच रद्द केली. आणि आता कुठल्याही कंपनीचा फॉर्म घेतला की त्यात प्रश्न असतोच, पूर्वी कधी पॉलिसी नाकारली किंवा रद्द झाली आहे का? तिथे "होय" लिहावं लागतं.

आठ वर्षं हे चूक होतं, ते आम्ही जुन्या चिठ्ठ्या देऊन दाखवू शकलो असतो. पण तीन वर्षं तर खरीच होती. भांडायला तोंडच राहिलं नाही.

"तीन वर्षांनी कोण बघतंय" हे अर्धवट ऐकलेलं आहे. आजार आधीच सांगितला, तर त्यासाठीचं वेटिंग, म्हणजे त्या आजाराचे पैसे मिळत नाहीत तो सुरुवातीचा काळ, जास्तीत जास्त ३६ महिने असतं. २०२४ पासून हे ४८ वरून ३६ वर आलं. सांगितलाच नाही, तर ते तीन वर्षांचं गणित तुम्हाला लागूच होत नाही. माहिती लपवली म्हणून कंपनी प्रश्न काढू शकते ती मुदत सलग ६० महिन्यांची असते, आणि त्यानंतरसुद्धा फसवणूक सिद्ध झाली तर क्लेम अडतोच. या ६० महिन्यांत काय होईल ते कुणाच्या हातात आहे?

आशाताई_वस्तीवरची

मी दहा वर्षं आशा म्हणून काम करते. हप्त्याचं बोलण्याआधी तुमच्या हातात आहे ते वापरात आणा.

केशरी कार्ड आहे म्हणजे तुम्ही महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहातच. खरं तर १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या कार्डवालेसुद्धा आहेत. पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाख होते, आता ५ लाख आहेत. हप्ता शून्य. आधीचा आजार असला तरी चालतो, वेटिंग नाही. हृदयाची शस्त्रक्रिया, कॅन्सर, डायलिसिस, मेंदूची शस्त्रक्रिया असे मोठे खर्च यात बसतात. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०२० पासून याच्याशी जोडलेली आहे, म्हणून कार्ड एकदा काढून ठेवा. मोबाईलवर आयुष्मान अॅपमधून होतं, नाहीतर गावच्या आशाला किंवा आपले सरकार केंद्रात सांगा.

सासूबाई ७० च्या पुढच्या आहेत ना? त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं निघतं. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांपुढच्या कुणालाही, उत्पन्न न बघता, वर्षाला ५ लाख. फक्त आधार लागतं. आजच काढा, त्यासाठी एजंटला एक रुपयाही द्यायचा नाही.

आता माझी कळकळ. माणसं कार्ड काढतात आणि ट्रंकेत ठेवतात. आधारवर नाव "पार्वतीबाई", रेशनकार्डावर "पारूबाई", आणि हे कळतं कधी, तर पेशंट स्ट्रेचरवर असताना. मागच्या वर्षी माझ्याच वस्तीवरच्या एका आजींच्या बाबतीत एका मात्रेसाठी दीड दिवस गेला. सहाही जणांची नावं आणि जन्मसाल आज रात्री दोन्ही कागदांवर शेजारी ठेवून जुळवा. रेशनकार्ड ऑनलाईन आहे का, बारा आकडी नंबर आहे का, धाकट्याचं नाव त्यात चढलंय का, हेही बघा. नऊ वर्षांची मुलं कार्डात नसलेली मी कितीतरी घरं पाहिली आहेत.

दाखल होताना पहिल्यांदा आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या माणसाचं, टेबल शोधायचं. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात ते असतं. आधी खिशातून भरलं आणि मग "योजनेतून परत द्या" म्हटलं, तर ते पैसे मिळत नाहीत. रात्री-अपरात्री तातडीचं असेल तर फोनवरून मंजुरी घेता येते, कागद मागाहून देता येतात. योजनेचा नंबर १५५३८८, आयुष्मानचा १४५५५. दोन्ही भिंतीवर लिहून ठेवा.

शिलाईघर

आशाताई, रात्रीच कागद काढले. सासूबाईंचं जन्मसाल दोन ठिकाणी दोन वेगळं निघालं! आणि धाकटीचं नाव रेशनकार्डात नाहीच. उद्या मिस्टर तहसीलला जातायत.

एक भाबडा प्रश्न. वर्षाला ५ लाख जर फुकट आहेत, तर मेडिक्लेम घ्यायचाच कशाला? मिस्टरही हेच म्हणतायत.

कॅशलेस_डेस्क

मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका खाजगी रुग्णालयात विम्याच्या फाईली बघते. योजनेचे पेशंट आणि मेडिक्लेमचे पेशंट, दोन्ही माझ्याच खिडकीवर येतात. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे रोजच असतं.

योजनेत ठरलेल्या उपचारांची यादी आहे आणि ठरलेली रुग्णालयं आहेत. आजार यादीत हवा, रुग्णालय यादीत हवं, आणि त्या रुग्णालयात तो विभागही योजनेखाली हवा. हाडांचा विभाग आहे पण हृदयाचा नाही, असं असतं. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेत. तुमच्या मुलाचा डेंग्यू घ्या. तालुक्याचा तो खाजगी दवाखाना योजनेत नसेल, तर कार्ड असूनही ४३ हजार तुम्हीच भरले असते. मेडिक्लेम असता तर त्यातले बरेचसे मिळाले असते.

म्हणून पॉलिसीची माहितीपत्रकं बघण्याआधी एक कागद घ्या. तुमच्या घरातलं माणूस आजारी पडलं की तुम्ही खरोखर कुठे जाता, ते लिहा. ताप, अपघात, छातीत दुखणं, बाळंतपण, हाड मोडणं. प्रत्येकापुढे दवाखान्याचं नाव. मग त्यातलं कोणतं योजनेत आहे, कोणतं कोणत्या कंपनीच्या नेटवर्कमध्ये (कंपनीशी करार असलेल्या दवाखान्यांत) आहे, ते तिथल्या बिलिंगच्या खिडकीवर फोन करून विचारा. कंपनीच्या वेबसाईटवरची यादी जुनी असू शकते. छोट्या दवाखान्याची नोंदणी आहे का, नोंदणी क्रमांक बिलावर छापतात का, हेही विचारा. त्याशिवाय मागाहून पैसे मागताना फाईल अडते.

दुसरं, रूम रेंट. यावर माणसं सर्वात जास्त फसतात आणि डिस्चार्जच्या दिवशी माझ्यावर चिडतात. परवाचंच सांगते, आकडे गोल केलेत. पॉलिसी ३ लाखांची, खोलीची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. नातेवाइकांनी ५,००० ची खोली घेतली. पाच दिवस राहिले. त्यांना वाटलं, रोजचे २,००० आपण भरू, झाले १०,०००. पण खोली मर्यादेबाहेर गेली की डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हेही त्याच प्रमाणात कापतात. ५,००० तले ३,००० मान्य, म्हणजे ६० टक्के. बिल होतं १,४०,०००. त्यात खोलीचे २५,०००, त्याचे मिळाले १५,०००. डॉक्टर-थिएटर-नर्सिंगचे ७०,०००, मिळाले ४२,०००. औषधं आणि तपासण्यांचे ४५,००० होते, त्यांना ही कात्री लागत नाही, ते पूर्ण. एकूण मिळाले १,०२,०००. घरच्यांनी भरले ३८,०००. दहा हजारांच्या हिशेबाने आलेल्या माणसाकडे त्या वेळी ३८ नव्हते. त्यांच्या मुलीने कानातलं काढून भावाच्या हातात दिलं, तो सोनाराकडे गेला, तोवर डिस्चार्ज थांबला.

पॉलिसीत खोलीची मर्यादा नसली तर उत्तमच. असली, तर दाखल होतानाच आमच्यासारख्या खिडकीवर "माझ्या पॉलिसीत कोणती खोली बसते?" एवढं विचारा. आम्ही सांगतो.

हिशेबनीस

मी कर सल्लागाराकडे काम करतो, विमा विकत नाही. दोन-तीन गोष्टी लक्षात आल्या.

पहिली, तुमच्या कागदावरचा जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर आरोग्यविम्यावर जीएसटी शून्य आहे. ६,३०० कशाचे? एजंटकडे जुना तक्ता असेल. कंपनीच्या वेबसाईटवर स्वतः वयं टाकून नवा आकडा काढा. जीएसटी गेल्यावर मूळ हप्त्यातही थोडा फरक पडलेला असू शकतो, म्हणून जुन्या आकड्यातून नुसते १८ टक्के वजा करू नका.

दुसरी. सहाजणांचा एकच फ्लोटर घेऊ नका. फ्लोटरचा हप्ता घरातल्या सर्वात मोठ्या वयावर ठरतो. सासूबाईंच्या ७१ चा भार तुमच्या मुलांच्या हप्त्यावर कशाला? शिवाय ५ लाख सहाजणांत एकच, आजारपण एकाचं झालं की बाकीच्यांना उरलेलं. सासूबाईंना वय वंदना कार्ड. सासऱ्यांचा विचार वेगळा करा: सध्या योजना, आणि जमलं तर त्यांच्या एकट्याची पॉलिसी. पूर्वी ६५ नंतर नवी पॉलिसी मिळणं अवघड असायचं, १ एप्रिल २०२४ पासून ती वयाची अट कंपन्यांना ठेवता येत नाही. हप्ता मात्र चढा असणार, आणि साखरेसाठी वेटिंग.

तुम्ही चौघं एक फ्लोटर. बजेट तंगच असेल तर "आरोग्य संजीवनी" बघा. हे एका कंपनीचं नाव नाही. २०२० पासून सगळ्या कंपन्यांना एकाच नियमांनी विकावी लागणारी पॉलिसी आहे. त्यामुळे नियम वाचायची कटकट एकदाच, आणि कंपन्यांमध्ये फक्त हप्ता व सेवा यांची तुलना. उणं काय? प्रत्येक क्लेममध्ये ५ टक्के आपले, आणि खोली विमा रकमेच्या २ टक्के पण दिवसाला ५,००० च्या आत. तालुक्या-जिल्ह्याच्या दवाखान्यांसाठी हे पुष्कळदा पुरतं.

त्यावर सुपर टॉप-अप, म्हणजे ठरलेल्या मर्यादेच्या वरचं बिल देणारी जोड पॉलिसी. नुसता "टॉप-अप" नको, "सुपर" हा शब्द बघूनच घ्या. समजा मर्यादा २ लाखांची आहे आणि वर्षात दोनदा दीड-दीड लाखाचं बिल झालं. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं मोजतो, दोन्ही २ लाखांच्या आत, हाती शून्य. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज करतो, ३ लाखांतले वरचे १ लाख देतो.

इथे एक चूक मी अनेकांना करताना पाहिली आहे: "सरकारी ५ लाख आहेतच, त्यावर ५ लाख मर्यादेचा सुपर टॉप-अप घेऊ, अगदी स्वस्त पडतो." कागदावर छान दिसतं. पण योजनेबाहेरच्या रुग्णालयात गेलात तर ते पहिले ५ लाख कोण देणार? तुम्हीच. मर्यादा तेवढीच ठेवा जेवढी तुमची मूळ पॉलिसी आहे, किंवा जेवढे पैसे तुम्ही खरोखर उभे करू शकता.

वळणावरचं_घर

आमच्या गावातल्या बऱ्याच जणांनी पतसंस्थेमार्फत ग्रुप मेडिक्लेम घेतला होता. हप्ता निम्मा होता, वैद्यकीय तपासणी नव्हती. चार वर्षं चांगलं चाललं. पाचव्या वर्षी संस्थेने आणि कंपनीने करार पुढे चालवला नाही, आणि ६० पुढची माणसं एकदम उघड्यावर आली. त्यात माझी आई होती.

ग्रुप वाईट असतो असं म्हणत नाही. दूध संस्था, शेतकरी कंपनी, बँक यांच्याकडे असेल तर घ्या, पण आपल्या नावाचं प्रमाणपत्र हातात मागा. आणि ग्रुप बंद होण्याआधी त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, तोवर काढलेलं वेटिंग वाया जात नाही. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्ही तारीख चुकवली.

बांधावरून

आणखी एक, शेती आणि सुट्या कामावर जगणाऱ्यांसाठी. पॉलिसी कोणत्या महिन्यात सुरू करायची ते आपल्या हातात असतं. आमची आता दिवाळीनंतर आहे, सोयाबीनचे पैसे आलेले असतात. पूर्वी जूनमध्ये होती. बी-बियाणं, खत, पोरांच्या वह्या आणि हप्ता, सगळं एकाच पंधरवड्यात. एक वर्ष हप्ता लांबला. मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत असते, पॉलिसी टिकते, पण वर्षाचा हप्ता एकदम भरणाऱ्यांना त्या मधल्या दिवसांतल्या आजारपणाचे पैसे मिळत नाहीत. आमचे ते १९ दिवस घरात कुणाला खोकला आला तरी पोटात गोळा यायचा. तुमच्या मिस्टरांच्या धंद्यात पैसा कधी सुटतो? लग्नसराईआधी घरांची कामं निघतात, तेव्हाच ना? ती तारीख धरा.

आणि वेल्डिंगचं काम आहे म्हणून सांगतो. बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपयांत मिळतो. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः अपंगत्वाला १ लाख, वय १८ ते ७०. तो दवाखान्याचं बिल देत नाही, त्याला मेडिक्लेम समजू नका, पण दोघांचाही काढा. सातबारा सासऱ्यांच्या नावावर आहे, म्हणजे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत ते आहेत, आणि घरातली आणखी एक व्यक्तीही. वीज पडणं, साप चावणं, शॉक लागणं यातल्या मृत्यूला २ लाख. यासाठी हप्ताच नाही.

नदीपल्याड

धर्मादाय रुग्णालयांचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात लिहितो. महाराष्ट्रात विश्वस्त संस्थांच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा १,८०,००० आणि ३,६०,००० आहे. पुण्या-मुंबईला नेण्याची वेळ आली तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जवळ असू द्या, तिथल्या समाजसेवकाला भेटा. भावाच्या मुलीच्या वेळी आम्हाला अर्धं बिल माफ झालं होतं. दाखला मात्र आधी काढलेला हवा. दवाखान्यातून तहसीलला पळणं फार वाईट.

शिलाईघर

सगळ्यांचे मनापासून आभार. दीड महिन्यानंतर लिहिते आहे, कारण मधे एक गोष्ट घडली ती सांगायलाच हवी.

धाकटी रेशनकार्डात चढली. सासूबाईंचं आधारवरचं जन्मसाल दुरुस्त झालं, वय वंदना कार्ड आलं. कॅशलेस_डेस्क ताईंनी सांगितलेला कागद मी आणि मिस्टरांनी मिळून केला. आम्ही नेहमी जातो त्या चार दवाखान्यांपैकी फक्त एक योजनेत निघाला, तोही जिल्ह्याला. दोन दवाखाने एका कंपनीच्या नेटवर्कमध्ये होते, म्हणून तीच कंपनी धरली. चौघांचा ५ लाखांचा फ्लोटर. हप्ता १७,८००.

एजंटांना मी स्वच्छ सांगितलं, दादांचं बीपी लिहायचं. ते हो म्हणाले. फॉर्म त्यांनी त्यांच्याच मोबाईलवर भरला, मिस्टरांच्या फोनवर ओटीपी आला, तो त्यांनी दुकानातूनच फोनवर सांगितला. आठ दिवसांनी पॉलिसी आली. मी मशीनवर बसल्या बसल्या पूर्ण वाचली. शेवटच्या पानांत फॉर्मची नक्कल असते. त्यात लिहिलेलं: उच्च रक्तदाब – नाही. नियमित औषधं – नाही.

माझे हात गार पडले. बांधावरून दादांचं लिहिलेलं आठवलं नसतं तर मी ती पानं उलटलीच नसती.

पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवस पसंत नसेल तर परत करता येते, हे त्याच कागदांत वाचलं. त्याच दिवशी कंपनीच्या नंबरवर फोन केला आणि भाचीकडून ईमेल पाठवला, बीपीच्या गोळीच्या चिठ्ठीचा फोटो जोडून. त्यांनी मिस्टरांची तपासणी तालुक्याला करून घेतली, रक्त, लघवी आणि ईसीजी. पंधरा दिवसांनी नवा कागद आला. हप्ता १९,४०० झाला. १,६०० जास्त गेले. पण त्यात आता ठळक लिहिलंय: उच्च रक्तदाब, प्रतीक्षा ३६ महिने.

एजंटांशी मी भांडले नाही. त्यांना हे वाचून दाखवलं. ते गप्प बसले, मग म्हणाले की त्यांच्या स्वतःच्या आईच्या फॉर्मवरही त्यांनी असंच लिहिलंय.

बांधावरून

ताई, तुमचं वाचून बरं वाटलं. तुमच्या एजंटांना सांगा, आईचं आजच कंपनीला लेखी कळवा. उशिरा कळवल्याने हप्ता वाढेल किंवा कंपनी अट घालेल, पण दवाखान्यात असताना कळण्यापेक्षा ते बरं. आणि कुणाचा क्लेम खरंच अन्यायाने नाकारला तर विमा लोकपालाकडे जाता येतं. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, उत्तर नाही आलं तर ३० दिवस थांबायचं, आणि नकारापासून वर्षाच्या आत अर्ज. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात. मुंबईला आणि पुण्याला कार्यालयं आहेत. आम्ही गेलो नाही, कारण चूक आमचीच होती. तुम्ही सगळं खरं लिहिलंय, तुम्हाला जाता येईल.

कॅशलेस_डेस्क

छान केलंत. आता पॉलिसी नंबर, कंपनीचा फोन आणि चौघांच्या कार्डांचे फोटो मिस्टरांच्या, तुमच्या आणि थोरल्याच्या फोनमध्ये ठेवा. दुकानात काम करणाऱ्या पोरालाही माहीत असू द्या. अपघात दुकानात झाला तर दवाखान्यात घेऊन येणारा तोच असेल. आणि कुणीही दाखल करायला आलं तरी आजार कधीपासून आहे हे चिठ्ठी बघूनच सांगायचं, अंदाजाने नाही.

शिलाईघर

पोराच्या फोनमध्येही टाकलं ताई, आणि मिस्टरांच्या बीपीची पहिली चिठ्ठी लॅमिनेट करून पाकिटात दिली आहे.

सासऱ्यांचं अजून राहिलंय. त्यांच्या एकट्याची पॉलिसी या वर्षी झेपणार नाही, सध्या योजनेवरच. जिल्ह्याच्या त्या रुग्णालयात योजनेखाली किडनीचा विभाग आहे का, ते विचारायला सोमवारी मिस्टर स्वतः जाणार आहेत. काय कळलं ते इथेच लिहीन.